जुन्या लहान मोटारीचे इंजिन : फेऱ्यांची सुरक्षित मर्यादा

घाटाचा उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये घालून मोकळी सोडायची, ही सवय अनेक जुन्या चालकांच्या अंगवळणी पडलेली असते. त्यामागे दोन समजुती असतात. पेट्रोल वाचते, ही एक. आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडते व ओरडले म्हणजे झिजते, ही दुसरी. याच्या अगदी उलट टोकाचे चालकही आढळतात. भरवेगात उतार उतरत असताना गाडी हाताबाहेर जाईल असे वाटताच ते एकदम दुसरा गिअर टाकतात. पहिल्या चालकाचे ब्रेक तापून निकामी होतात, तर दुसऱ्याचे इंजिन निकामी होते. दोघांची चूक मात्र एकाच अज्ञानातून उद्भवते. आपले इंजिन या क्षणी मिनिटाला किती फेरे घेत आहे आणि त्याने किती घेतले तर चालेल, हे दोघांनाही ठाऊक नसते.

नव्या मोटारींत ही माहिती चालकाच्या डोळ्यांसमोर असते. फेरेमापकाची तबकडी असते, तिच्यावर तांबडी रेघ असते. जुन्या लहान मोटारींत बहुधा यांपैकी काहीच नसते. तरीही शाळेतील गणित आणि थोडी मोजमापे यांच्या आधारे ही मर्यादा कोणालाही घरच्या घरी काढता येते. ती कशी काढावी आणि काढल्यावर तिचा वापर कसा करावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

उदाहरणाची गाडी

उदाहरणासाठी प्रीमिअर पद्मिनी ही मोटार घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या गाड्या १९५४ पासून तयार होऊ लागल्या. याच गाडीला पुढे, १९७० नंतरच्या दशकात, प्रथम प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वपरिचित होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खाजगी मालकांनी मात्र जपून ठेवलेल्या पद्मिनी आजही आढळतात. कित्येक घरांत ती वडिलांनी घेतलेली पहिली गाडी असते.

या मोटारीचे उत्पादन थांबून आता बराच काळ लोटला आहे. सुटे भाग शोधावे लागतात, आणि मिळालेला भाग अस्सल असेलच असे नाही. नव्या गाडीचे इंजिन बिघडले तर खर्च होतो. जुन्या गाडीचा क्रँकशाफ्ट तुटला तर कधी कधी गाडीच संपते. म्हणून या गाड्यांच्या बाबतीत मर्यादेचे ज्ञान अधिक मोलाचे आहे.

पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर असून पिस्टनची धाव, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर, ७५ मिलिमीटर आहे. यावरून इंजिनाचे आकारमान सुमारे १,०८९ घन सेंटिमीटर येते. पुढील गणितात यांपैकी एकच आकडा महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ७५ मिलिमीटरची धाव.

पहिली कसोटी : पिस्टनचा वेग

क्रँकशाफ्टचा एक फेरा होतो तेव्हा पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो. म्हणजे एका फेऱ्यात तो धावेच्या दुप्पट, येथे १५० मिलिमीटर, अंतर कापतो. मिनिटाला ५,००० फेरे होत असतील तर तो मिनिटात ७५० मीटर, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर चालतो. हा त्याचा सरासरी वेग झाला. ताशी ४५ किलोमीटर हा वेग ऐकावयास फार वाटत नाही. परंतु सेकंदाला सुमारे १६७ वेळा पूर्ण थांबून आणि उलट फिरून हा वेग राखावयाचा असतो, हे विसरता कामा नये.

वेग वाढला की पिस्टनच्या कड्या व सिलिंडरची भिंत यांचे घर्षण वाढते आणि त्यांच्यामधील तेलाच्या पातळ थरावर ताण येतो. यासाठी सरासरी वेगाची एक ढोबळ मर्यादा पूर्वीपासून मानली जात आली आहे. इंग्लंडातील मोटारविषयक नियतकालिकांत जुन्या काळी गाड्यांच्या चाचण्या छापून येत, त्यांत मिनिटाला २,५०० फूट हा पिस्टनचा वेग तुलनेसाठी घेत असत. मीटरमध्ये तो सेकंदाला १२.७ होतो. साध्या प्रवासी मोटारीच्या इंजिनाने दीर्घ काळ याहून अधिक वेगाने चालू नये, असा त्याचा व्यावहारिक अर्थ घेतला जाई.

पद्मिनीच्या ७५ मिलिमीटर धावेला हा वेग लावला तर उत्तर मिनिटाला सुमारे ५,०८० फेरे असे येते. या इंजिनाची कमाल शक्तीही ५,००० फेऱ्यांच्या आसपासच मिळते. हा केवळ योगायोग नव्हे. १९५९ मध्ये इंग्लंडात निघालेल्या मिनी या प्रसिद्ध लहान मोटारीची धाव ६८.२६ मिलिमीटर होती. तिला हाच नियम लावला तर सुमारे ५,५८० फेरे येतात, आणि तिच्या ८४८ घन सेंटिमीटर इंजिनाची ३४ अश्वशक्ती ही कमाल शक्ती ५,५०० फेऱ्यांना मिळत असे. त्या काळच्या साध्या मोटारींचे रचनाकार या मर्यादेच्या जवळपासच आपले इंजिन बेतत असत.

मिनीच्याच घराण्यात धावेचे महत्त्व दाखवणारे एक चांगले उदाहरण आहे. १९६३ ते १९६५ या काळात मिनी कूपर एस ही शर्यतींसाठी योग्य अशी गाडी तीन आकारमानांत निघाली : ९७०, १,०७१ व १,२७५ घन सेंटिमीटर. तिन्हींच्या सिलिंडरचा व्यास एकच होता, धाव मात्र अनुक्रमे ६१.९१, ६८.२६ व ८१.२८ मिलिमीटर होती. मिनिटाला ६,५०० फेऱ्यांना पहिल्या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १३.४ मीटर, दुसऱ्याचा १४.८ मीटर, तर तिसऱ्याचा १७.६ मीटर होतो. बाहेरून सारखीच दिसणारी ही तीन इंजिने एकाच आकड्यापर्यंत फिरवणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे. शेजाऱ्याची गाडी किती फेरे घेते यावरून आपल्या गाडीची मर्यादा ठरत नाही. आपल्या इंजिनाची धाव पाहिली पाहिजे.

हे आकडे शर्यतीच्या इंजिनांचे आहेत. त्यांचे भाग अधिक मजबूत पोलादाचे असतात, ती वारंवार उघडून तपासली जातात आणि त्यांचे आयुष्य थोडे असले तरी चालते. घरच्या गाडीने त्यांचा कित्ता गिरवू नये.

दुसरी कसोटी : ओढीचे बळ

इंजिन मोडते ते बहुधा वेगाने नव्हे, तर वेगाच्या बदलाने. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याला वरच जावयाचे असते. कनेक्टिंग रॉड त्याला थांबवून खाली ओढतो. विहिरीतून भरली घागर ओढताना दोराला एकदम हिसका बसावा, तसाच हा प्रकार होय. या ओढीचे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे दुप्पट झाले तर बळ चौपट होते.

आकड्यांत पाहू. पिस्टन, त्याची पिन, कड्या आणि रॉडचे वरचे टोक मिळून वजन ४०० ग्रॅम आहे असे समजा. ७५ मिलिमीटर धावेच्या इंजिनात ५,००० फेऱ्यांना वरच्या टोकाशी रॉडवर सुमारे ५२५ किलोग्रॅम भाराइतकी ओढ बसते. ६,००० फेऱ्यांना ती सुमारे ७५५ होते. ७,००० फेऱ्यांना ती एक टनाच्या वर जाते. फेरे ५,००० वरून ७,००० झाले, म्हणजे दोन पंचमांशांनी वाढले. ओढ मात्र जवळजवळ दुप्पट झाली.

ही ओढ रॉडच्या खालच्या टोकाचे दोन बोल्ट सोसतात. चार टप्प्यांच्या इंजिनात पिस्टन दर दोन फेऱ्यांत दोन वेळा वर येतो. एका खेपेस वर दाबलेला वायू असतो आणि तो पिस्टनला उशीसारखा आधार देतो. दुसऱ्या खेपेस, जळालेला वायू बाहेर जात असताना, वर आधार नसतो आणि सर्व ओढ बोल्टांवर येते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर पहिल्या खेपेसही उशी पातळच असते. म्हणून ‘मी पेट्रोल दिलेच नव्हते, मग इंजिनावर ताण कसला?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

यात आणखी एक मेख आहे. धातू एकाच मोठ्या हिसक्याने तुटतो असे नाही; तो थकतोही. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक खेपेने बोल्टात किंवा क्रँकमध्ये केसाएवढी भेग पडू शकते किंवा पडलेली भेग वाढू शकते. पुढे एखाद्या दिवशी सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात, तो भाग तुटतो. तेव्हा मालक म्हणतो, ‘गाडी तर आरामात चालली होती.’ कारण जुने असते, परिणाम आज दिसतो. टॉप गिअरमध्ये किलोमीटरला २,३०० फेरे या हिशेबाने लाख किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्रँकने तेवीस कोटी फेरे घेतलेले असतात. तेव्हा ‘इंजिन किती फेऱ्यांना मोडते’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘किती फेरे ते कोट्यवधी वेळा निमूटपणे सोसेल’ हा खरा प्रश्न होय.

तिसरी कसोटी : व्हॉल्व्ह आणि ठिणगी

पद्मिनीसारख्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्ट, पुशरॉड आणि रॉकर यांच्या साखळीतून होते. मिटण्याचे काम मात्र स्प्रिंग करते. ५,००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,५०० वेळा उघडतो व मिटतो. स्प्रिंग जुनी होऊन सैल पडली की व्हॉल्व्हला वेळेवर परत आणणे तिला जमत नाही. तो क्षणभर तरंगत राहतो किंवा बैठकीवर आपटून उसळतो. अशा वेळी वरून खडखडाट ऐकू येतो आणि शक्ती वाढण्याऐवजी घटते. हा इशारा समजावा. येथेच पाय काढून घेतला पाहिजे.

ठिणगीचेही तसेच आहे. चार सिलिंडरांच्या इंजिनात ५,००० फेऱ्यांना मिनिटाला १०,००० ठिणग्या लागतात, आणि जुन्या पद्धतीच्या डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट तितक्याच वेळा उघडतात. पॉइंटची स्प्रिंग कमजोर असेल तर इंजिन अडखळते. या अडखळण्यामुळे काही इंजिने आपोआप वाचतात. परंतु चांगले पॉइंट वा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की हा नकळत लाभलेला पहारा उठतो. असा बदल करणाऱ्याने फेऱ्यांवर अधिक लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

मर्यादा किती धरावी

वरील तिन्ही कसोट्या एकत्र केल्या असता पद्मिनीच्या मूळ स्थितीतील इंजिनासाठी पुढील सावध मर्यादा सुचवता येतात.

१. इंजिनाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, किंवा ते अनेक वर्षे उभे राहिलेले असेल, तर तपासणी होईपर्यंत ४,००० फेऱ्यांच्या वर जाऊ नये.

२. तपासलेल्या, निरोगी इंजिनासाठी रोजची मर्यादा ४,५०० धरावी. येथे पिस्टनचा वेग सेकंदाला ११.२५ मीटर असतो.

३. ५,००० ही लक्ष्मणरेषा समजावी. ओव्हरटेक करतानाही ती ओलांडू नये.

उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक गिअरची कमाल वेगमर्यादा दिलेली असल्यास आणि ती याहून कमी येत असल्यास पुस्तिकेचा आकडा प्रमाण मानावा.

तपासणी म्हणजे चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे काय, तापलेल्या इंजिनात तेलाचा दाब पुरेसा राहतो काय, सायलेन्सरमधून निळा धूर येतो काय आणि खालून ठोक्याचा आवाज येतो काय, हे पाहणे. इंजिनाचे काम निघालेच, तर रॉडचे बोल्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जुन्याच पुन्हा न बसवता मोजून, पारखून मगच घ्याव्यात. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ असते.

फेरेमापक नसता फेरे कसे मोजावे

मर्यादा ठरली, पण गाडीत फेरेमापक नाही. अशा वेळी वेगदर्शकाचाच उपयोग करता येतो. गाडी गिअरमध्ये असताना इंजिनाचे फेरे आणि रस्त्यावरील वेग यांचे प्रमाण पक्के असते. हे प्रमाण काढण्याची एक सोपी रीत अशी आहे.

सपाट, मोकळ्या जागी खडूने २० मीटर अंतर आखावे. टायरमधील हवा बरोबर करून घ्यावी. इग्निशन बंद करावे, चारही स्पार्क प्लग काढावेत आणि डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडावे. आतला रोटर दिसू लागेल. एका जाणत्या व्यक्तीने चालकाच्या जागी बसून हात ब्रेकवर ठेवावा. आसपास विडी-सिगारेट पेटवू नये व सैल कपड्यांनी इंजिनाजवळ वाकू नये. आता टॉप गिअर टाकून गाडी २० मीटर ढकलावी आणि एकाने बाजूने चालत रोटरचे फेरे मोजावेत. हीच कृती तिसऱ्या व दुसऱ्या गिअरमध्ये करावी. खालच्या गिअरमध्ये ढकलणे जड जाते. तेव्हा १० मीटरच ढकलून उत्तराची दुप्पट करावी.

रोटरचे जितके फेरे होतील त्यांना १०० ने गुणावे. येणारी संख्या म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिनाचे मिनिटाचे फेरे. याचे कारण सोपे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, अर्थात २० मीटरांचे ५० टप्पे. शिवाय रोटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून २ ने गुणावे लागते. ५० गुणिले २ म्हणजे १००. यात टायरचा घेर किंवा गिअरचे दात यांतले काहीच माहीत असण्याची गरज पडत नाही.

काही जण एक मागचे चाक जॅकवर उचलून हे मोजमाप करतात. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक दुप्पट फिरते आणि हिशेब चुकतो. गाडी सरळ ढकलणे हेच बरे.

समजा, टॉपमध्ये रोटरचे २३, तिसऱ्यात ३७ आणि दुसऱ्यात ५५ फेरे भरले. तर ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिनाचे फेरे अनुक्रमे २,३००, ३,७०० आणि ५,५०० होतील. ४,५०० ही मर्यादा धरल्यास तिसऱ्या गिअरमधील कमाल वेग ४,५०० गुणिले ६० भागिले ३,७००, म्हणजे ताशी सुमारे ७३ किलोमीटर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये तो सुमारे ४९ येतो, तर टॉपमध्ये ११७ च्या पुढे जातो. टॉपमध्ये इतक्या वेगाने जुनी गाडी कोणी चालवू नये. तेथे इंजिनाआधी टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांची मर्यादा येते. इंजिनाला खरा धोका तिसऱ्या व दुसऱ्या गिअरमध्ये असतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मिळालेले वेग वेगदर्शकाच्या काचेवर रंगाच्या बारीक रेघांनी दाखवावेत. त्याआधी वेगदर्शक खरा आहे काय, हे पाहून घ्यावे. काटा ६० वर स्थिर ठेवला असता एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. शेजारी बसलेल्याने घड्याळ पाहावे, चालकाने नव्हे. मोबाइल फोनमधील उपग्रहाधारित वेगदर्शकानेही हा पडताळा घेता येतो. लहान घेराचे टायर बसवल्यास त्याच वेगाला फेरे वाढतात. म्हणून टायरचा आकार बदलला की मोजमाप पुन्हा करावे.

घाटात या ज्ञानाचा उपयोग

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारा किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरणारा चालक आता काय करील ते पाहू.

गाडी माणसांसह १,१०० किलोग्रॅम वजनाची आहे आणि ती ३०० मीटर उंची उतरते असे मानले, तर तेवढ्या उतरणीत मुक्त होणारी ऊर्जा सुमारे दहा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेल इतकी असते. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर हवेचा विरोध व चाकांचे घर्षण वगळता ही सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापले की पायाखालचा ब्रेक लागेनासा होतो. गाडी गिअरमध्ये असेल तर त्या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन शोषून घेते. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, असा जुना नियम आहे.

‘पण इंजिन ओरडते त्याचे काय?’ असा प्रश्न येईल. वरच्या उदाहरणातील गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरने उतरत असता तिचे फेरे सुमारे ३,६७० होतात. पिस्टनचा वेग सेकंदाला अवघा ९.२ मीटर असतो. आवाज मोठा वाटला तरी इंजिन मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्यास इंजिनाची काळजी हे कारण उरत नाही.

आता दुसरी बाजू. तीच गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ७० किलोमीटरने उतरते आहे आणि वळण पाहून चालक घाबरून दुसरा गिअर टाकतो. क्लच सुटताच चाके इंजिनाला ६,४०० फेऱ्यांपर्यंत फिरवतात. रॉडवरील ओढ सुमारे ३९० वरून ८६५ किलोग्रॅमपर्यंत चढते. नव्या गाड्यांत फेरे वाढताच पेट्रोल तोडणारी योजना असते. पण इंजिनाला चाकेच फिरवीत असतील तर तीही निरुपयोगी ठरते. याखेरीज मागची चाके एकाएकी अडखळून ओल्या रस्त्यावर गाडी घसरण्याची भीती असते, ती वेगळीच.

म्हणून क्रम पक्का ध्यानी ठेवावा : आधी ब्रेक, मग गिअर. उतार लागण्यापूर्वीच ब्रेकने वेग काचेवरील रेघेच्या बराच खाली, दुसऱ्या गिअरसाठी ४० च्या आत, आणावा. मगच गिअर बदलावा. एकदा गिअर पडला की वेग इंजिनानेच बहुतांशी आवरला जातो आणि ब्रेक अडचणीच्या वेळेसाठी थंड राहतात.

कमी फेरेही घातक

मर्यादा कळली म्हणून इंजिन नेहमीच मंद फिरवावे, असा अर्थ कोणी काढू नये. चढावर टॉप गिअर न सोडता हजार-बाराशे फेऱ्यांवर इंजिन कण्हत चढवणे हेही हानिकारक आहे. फेरे कमी असताना तेलाचा दाब कमी असतो आणि पिस्टनवरील स्फोटाचा दाब मात्र पूर्ण असतो. बेअरिंगांवर त्याचा मार बसतो, इंजिन तापते व ठोके देऊ लागते. चढावर वेळीच खालचा गिअर घेऊन इंजिनाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर मोकळे चालू देणे त्याच्या हिताचे असते.

इंजिनात फेरफार करून मर्यादा वाढवण्याचा मोह काहींना होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी हवी असल्यास ते मूळ स्वरूपात असावे लागते आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. मालकांनी व नोंदणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अभ्यासासाठी उदाहरणे

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना पुढील उदाहरणे वर्गात घेता येतील.

१. पिस्टनची धाव ६८.२६ मिलिमीटर असून इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेते. पिस्टनचा सरासरी वेग काढा. (उत्तर : सेकंदाला सुमारे १२.५ मीटर.)

२. टॉप गिअरमध्ये २० मीटर अंतरात रोटरचे २६ फेरे होतात. ताशी ८० किलोमीटर वेगाला इंजिनाचे फेरे किती? (उत्तर : मिनिटाला सुमारे ३,४७०.)

३. फेरे ४,००० वरून ५,००० झाल्यास पिस्टनचा वेग व रॉडवरील ओढ किती पटींनी वाढेल? (उत्तर : वेग सव्वापट, ओढ सुमारे १.५६ पट.)

४. दुसऱ्या गिअरमध्ये २० मीटर अंतरात रोटरचे ५४ फेरे होतात. ४,५०० फेऱ्यांची मर्यादा पाळावयाची असल्यास कमाल वेग किती? (उत्तर : ताशी ५० किलोमीटर.)

वीस मीटरांची खडूची रेघ, एक सुटीची सकाळ आणि गाडी ढकलण्यास दोन-चार माणसे एवढ्यावर हे सर्व साधते. काचेवर रेघ ओढण्याचा खर्च काहीच नाही. पण पावसाळ्यात धुक्याने भरलेला घाट उतरताना गिअरला हात घालण्यापूर्वी चालकाची नजर त्या रेघेकडे गेली, तर गाडी वाचते आणि गाडीतील माणसेही सुखरूप घरी पोहोचतात.